‘गॅस’चे निदान घरी नको

महोदय,

छातीत दुखू लागले की पहिले निदान ‘गॅस’चे होते. अँटासिड घेतले, ढेकर आली, बरे वाटले, म्हणजे हृदय ठणठणीत, हा निष्कर्ष घातक ठरू शकतो. हृदयाचे दुखणे आपसूकही कमी-जास्त होते. उलट बाजूही फसवी आहे. जिभेखाली ठेवायच्या, रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या नायट्रेटच्या गोळीने दुखणे थांबले म्हणून ते हृदयाचेच होते असे नाही. अन्ननलिकेचा पेटकाही तिने सैलावतो. औषधाने आलेला उतार ही तपासणी नव्हे.

त्यापेक्षा रुग्णाचा हात पाहावा. एका बोटाने नेमका बिंदू दाखवला, दाबल्यावर तिथेच दुखले, किंवा कळ दोन-चार सेकंदांत विरली, तर संशय स्नायू-बरगड्यांवर जातो. खोल श्वासासरशी टोचत असेल तर फुफ्फुसाच्या आवरणावरही. हृदयाचे दुखणे सांगताना मात्र पूर्ण तळवा किंवा आवळलेली मूठ छातीच्या मध्यावर जाते. ‘दुखत नाही हो, नुसते जड वाटते,’ असे म्हणणाऱ्याकडे तर अधिकच लक्ष द्यावे. हा जडपणा हात, जबडा, पाठ, पोटाच्या वरच्या भागात पसरतो. जोडीला दरदरून घाम, धाप, मळमळ. जिना चढताना येऊन थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतो तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचे दुखणे. तो नव्यानेच सुरू झाला असेल, वाढत असेल किंवा बसल्या जागी येत असेल, तर तीही तातडीच.

हे सगळे रुग्णालयात जाण्यासाठी वापरावे, न जाण्यासाठी नव्हे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये कधी नुसती धाप किंवा विलक्षण थकवाच असतो.

संशय येताच रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिग्रॅची साधी गोळी चावून घेता येते. पाठीत चिरत गेल्यासारखी अचानक कळ असेल तर ही गोळी देऊ नये. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटत असण्याचा धोका असतो.

पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी सामान्य आला म्हणून झटका नाही, असे होत नाही. दुखणे चालू असेल तर तो १५-३० मिनिटांनी पुन्हा काढतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिनही वाढायला वेळ घेते, म्हणून ती तपासणी काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा करतात. तिचा निकाल येण्याआधी घरी पाठवत असतील तर कारण जरूर विचारावे.

– एक फिजिशियन