तुझ्या डोळ्यात कोणती लेन्स टाकायची?

नागपूर

प्रिय वसंता,
स.न.वि.वि.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा आटोपला की मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घेतोस हे वाचून फार बरं वाटलं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तुला तीन-चार लेन्सचे भाव सांगितले आणि तू मला विचारलंस, "सगळ्यात महागडी टाकली की झालं ना?" नाही वसंता, तसं नाही. आमच्या घरातच बघ. तिघांच्या डोळ्यांत तीन जातीच्या लेन्स आहेत, तिघंही तक्त्यावर ६/६ वाचतात, पण तिघांना दिसतं ते सारखं नाही.

माझ्या दोन्ही डोळ्यांत साधी मोनोफोकल आहे, म्हणजे एकाच अंतराची, माझी लांबच्या नजरेची. रात्री वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर समोरचे दिवे मला सुटे, स्वच्छ दिसतात. पेपर वाचायला अडीचचा चष्मा लागतो, आणि तो लागणार हे आधीच सांगितलेलं होतं.

थोरल्या वहिनींनी ट्रायफोकल टाकली. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात, तांदूळ निवडतात, मोबाइल वाचतात. त्यांचा आनंद बघून मलाही भरून आलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात रात्री मेट्रोतून उतरून येताना म्हणाल्या, "भाऊजी, प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसून राहिलं." ही लेन्स डोळ्यात येणारा उजेड लांब, मधल्या आणि जवळच्या अंतरासाठी वाटून देते. एक भाकर तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. दिवसा काही जाणवत नाही, पण अंधुक उजेडात एकसारख्या रंगाच्या वस्तू एकमेकींतून उठून दिसत नाहीत. तिन्हीसांजेला डांबरी रस्त्यावर उभी असलेली म्हैस आठव. तक्त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, तिथे ही उणीव उघडीच पडत नाही. बहुतेकांना काही महिन्यांत त्या कड्यांची सवय होते, वहिनींनाही बरीच झाली. ज्यांना होतच नाही अशा थोड्यांना लेन्स बदलून घ्यावी लागते.

मेहुण्याची ईडॉफ आहे, म्हणजे स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणारी. लांबचं आणि हातभर अंतरावरचं झकास दिसतं, गाडीचा काटा, कॉम्प्युटर सगळं. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मात्र चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. कडी त्यालाही दिसतात, पण वहिनींच्या मानानं कमी.

आता तुझं. तू रात्री-बेरात्री संत्र्याची गाडी घेऊन काटोलहून कळमन्याला येतोस, आणि तुला शुगर आहे. म्हणून माझं मन ट्रायफोकलला अजिबात धजत नाही. आधी डोळ्याचा पडदा नीट तपासून घे, ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, काढायला सांग. पडद्यावर शुगरचा परिणाम झालेला असेल तर उजेड वाटणारी लेन्स सहसा टाळतात, कारण त्या डोळ्याला आधीच कमी मिळत असतं.

दुसरं, तुझ्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे, मला चांगला आठवतो. तो बुबुळाच्या वाकडेपणाचा असेल तर तो नंबर घालवणारी टोरिक लेन्स लागेल. साध्या लेन्सनं तो जात नाही, मग लांबचंही अंधुकच राहतं. टोरिक ठरलेल्या कोनात बसावी लागते. ती १० अंशांनी फिरली तर सिलिंडर घालवण्याचा जवळजवळ एक तृतीयांश फायदा गेला, आणि ३० अंशांनी फिरली तर सगळाच. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा डोळ्याचं माप कोण घेतं, कोनाची खूण कशी करतात, हे विचार. डोळ्याच्या लांबीच्या मापात १ मिलिमीटरची चूक झाली तरी अडीच-तीन नंबरचा फरक पडतो. मला तर भावापेक्षा हे माप फार मोठं वाटतं.

माझं मत विचारशील तर मोनोफोकल टोरिक. पेटी वाजवताना समोरची वही चष्म्याशिवाय दिसावी असं वाटत असेल, तर एका डोळ्यात पाऊण-एक नंबर मुद्दाम जवळचा ठेवतात, ते तुला चालेल का हे डॉक्टरांना विचार. पडदा निर्दोष निघाला तर ईडॉफचाही विचार कर, पण रात्रीच्या गाडीचं त्यांना आधी सांग.

साधी लेन्स घेतली म्हणजे कमी प्रतीचं घेतलं, असं कृपा करून समजू नकोस. तुझ्या आजोबांचा ऑपरेशननंतरचा तो दहा नंबरचा जाड चष्मा आठवतो ना? तेव्हा मोतीबिंदू झालेली लेन्स काढायचे, आत काही घालायचेच नाहीत. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ सालीच डोळ्यात पहिली लेन्स घातली होती. लढाऊ विमानाच्या फुटलेल्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा त्यांना सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्या गावापर्यंत ते पोचायला आजोबांचं आयुष्य सरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच आमच्याकडे ये, तुझ्या सौभाग्यवतींनाही आण. थेंबांचं वेळापत्रक मी सांभाळतो. येताना चष्म्याचे जुने कागद आणि शुगरचे रिपोर्ट आठवणीनं घे, आणि तोवर रात्रीची गाडी पोराला चालवू दे.

तुझा,
अरविंद