मोहफुलं पडतात तेव्हा परीक्षा नको

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यातलं प्रौढ साक्षरतेचं काम

महोदय, स. न. वि. वि.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल, तेव्हा रोज मोर्चे येतील, निवेदनांचा ढीग लागेल. ज्यांच्यासाठी मी हे लिहितोय ती माणसं त्या गर्दीत नसतील. त्यांना निवेदन लिहिता येत नाही, आणि पत्राचा विषयच तो आहे.

विधानभवनापासून उत्तरेला जबलपूर रस्ता धरला की मनसर, पवनी, मग देवलापार. त्यापुढे आत वळलं की पेंचचं जंगल आणि त्याच्या कडेची गोंड वस्ती. पारशिवनी तालुक्यात कोलितमाऱ्याकडे गेलात तरी चित्र फार वेगळं नाही. याच महामार्गाखालून वाघ-चितळांना जायला वाटा बांधल्यात. चांगलंच केलं. त्या वाटांच्या शेजारी राहणाऱ्या बाईला मात्र बसची पाटी अजून दुसऱ्याला विचारून कळते.

मी निवृत्त कॅशियर. नोकरीत हजारो अंगठे घेतले. बाई काउंटरवर आली की तिचा हात धरून शाईच्या पॅडवर टेकवायचा, कागदावर दाबायचा, शाई पुसायला चिंधी द्यायची आणि पुढचा टोकन नंबर पुकारायचा. हिला सही शिकवावी असं इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही. निवृत्तीनंतर ‘उल्लास’ या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं ते थोडंफार त्या अपराधी भावनेतूनच. शनिवारी गणेशपेठहून एसटी धरतो, रात्री वर्ग घेतो, रविवारी परततो. अकरा बायका आणि एक म्हातारा. म्हातारा शिकायला कमी आणि बायकांच्या चुका काढायला जास्त येतो, पण येतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. तेंदूपत्त्याचा फड, म्हणजे विडीची पानं गोळा करून द्यायचं ठिकाण, सुरू होता. सत्तर पानांचं एक पुडकं, आणि रोज किती पुडकी दिली ते फडमुन्शी, म्हणजे फडावरचा हिशेबनीस, प्रत्येकीच्या कार्डावर लिहितो. वर्गातल्या एका आजीचा स्वतःचा हिशेब वेगळा असतो. वीस पुडकी झाली की घराच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. त्या दिवशी भिंतीवर नऊ रेघा होत्या, म्हणजे नऊ कोड्या, एकशे ऐंशी. कार्डावर होते १६०. पूर्वी तिनं कार्ड तसंच डब्यात ठेवून दिलं असतं. या वेळी दुसऱ्या दिवशी फडावर जाऊन आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “भाऊ, हा सहा हाय. आठ पायजे.” मुन्शीनं वही उघडली, खाली-वर पाहिलं आणि काही न बोलता दुरुस्ती केली. चूक होती की आणखी काही, मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी आजीनं ते कार्ड वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवलं.

आता आपल्या कागदांवर ही आजी कुठे आहे बघा. ती आजही निरक्षर आहे, कारण ती परीक्षेलाच बसली नाही. मूलभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची राज्यातली पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली, पुढच्या वर्षीची २३ मार्चला. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. दहा ते पाचमध्ये कधीही या, ही सोय ज्यानं कुणी ठेवली त्याला माणसं कळतात. पण मार्च म्हणजे मोहफुलं. फुलं रात्रीतून गळतात. अंधार असतानाच टोपली घेऊन निघावं लागतं, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. वाघाच्या भीतीनं चौघी-पाचजणी मिळून जातात. दहाच्या सुमारास परत, मग अंगणात फुलं वाळत घालणं, स्वयंपाक, पाणी. त्यानंतर परीक्षेचं केंद्र असलेल्या शाळेपर्यंत चालत कोण जाणार? आणि प्रश्न एका रविवारचा नाही. होळीच्या आगेमागे माझा वर्ग ओस पडतो, म्हणजे ऐन तयारीचे दिवसच जातात. मोह संपला की तेंदू, तेंदू संपला की धानाची रोवणी.

या पट्ट्यात मोकळा काळ असतो तो धान चुरून झाल्यापासून माघ संपेपर्यंतचा. जंगलाच्या तालुक्यांसाठी परीक्षा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला घ्या, एवढीच माझी पहिली मागणी. तिला पैसा लागत नाही.

आता सरासरीबद्दल. २४ जून २०२४ ला लडाख ‘उल्लास’खाली पूर्ण साक्षर जाहीर झालं. देशाच्या उत्तर टोकाचा तो प्रदेश, विरळ वस्ती, हिवाळ्यात वाटा बंद, तरी साक्षरता ९७ टक्क्यांच्या वर. वाचून बरं वाटलं. मग मिझोराम, गोवा. कुठेही ९५ टक्के झाले की पूर्ण साक्षर म्हणता येतं, असा हा निकष. एक दिवस नागपूर जिल्ह्याचाही नंबर लागेल, आणि मला भीती त्याचीच आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती. जिल्ह्याच्या ४६ लाख लोकांपैकी २४ लाख एकट्या नागपूर शहरात. उद्या शहरानं आणि बुटीबोरी-कामठीनं टक्का वर ओढला की ९५ पूर्ण होतील, फटाके वाजतील, आणि देवलापारच्या आतल्या वस्त्या उरलेल्या पाच टक्क्यांत कायमच्या गडप होतील. हे आधीही झालंय. २००९ च्या ‘साक्षर भारत’ या आधीच्या प्रौढ साक्षरता योजनेसाठी मुख्यतः महिला साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी असलेले जिल्हे घेतले होते. नागपूर त्यात बसणं शक्यच नव्हतं. आमच्या आजीला शहरानं नापास केलं म्हणा ना!

म्हणून जिल्हा मोजू नका, ग्रामपंचायत मोजा. शक्य असेल तर पाडा-टोला मोजा.

स्वयंसेवकांबद्दल थोडं. मला मानधन नको, पेन्शन आहे. पण खरं शिकवते ती गावातली बारावी झालेली मुलगी. मी ‘कमळ’ शिकवताना बायका कंटाळतात. ती तोच धडा गोंडीत चार वाक्यं टाकून सांगते आणि सगळ्या हसायला लागतात. लवकरच ती कामाला नागपूरला जाणार आहे. तिला ठेवून घ्यायला माझ्याकडे काही नाही आणि योजनेतही नाही. ‘साक्षर भारत’मध्ये प्रेरकाला, म्हणजे गावातलं केंद्र चालवणाऱ्याला, महिना २,००० रुपये तरी होते. आताचा कार्यक्रम सेवाभावावर उभा आहे, आणि पोट भरलेल्यालाच सेवाभाव परवडतो. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. एकशिक्षकी शाळेचा मास्तर घरोघर फिरून यादी करायला लागला तर शाळेतल्या पोरांचं काय?

दुसरी एक बाई मार्चच्या परीक्षेत पास झाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र तिनं देवघराशेजारी फ्रेम करून लावलंय. दिवाळीच्या सुमारास मी सहज तिला ते वाचायला सांगितलं. स्वतःचं नाव वाचलं, बाकी नाही. “नाव लिहाले येते सर, पण दुसरं काई वाचाले सापडतच नाई तं इसरून गेली,” म्हणाली. खरं बोलली. गावात वाचण्यासारखं आहे काय? ग्रामसभेची नोटीस बारीक टायपात चिकटते. रेशन दुकानाच्या फलकावरचे आकडे पुसटले आहेत. वनहक्काच्या पट्ट्यावरचं मराठी मला दोनदा वाचावं लागतं. फडावर पुडक्याचा दर मोठ्या अक्षरात लिहिण्याची सक्ती झाली, ग्रामसभेची सूचना चार ओळींत ठळक छापली गेली, तर नव्या पुस्तिकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पास झालेल्यांची वर्षभरानं पुन्हा पाच मिनिटांची तपासणी करा. आकडा खाली येईल, पण खरा येईल.

‘लाडकी बहीण’चं केवायसी आलं तेव्हा वर्गात सगळ्यांनी मोबाइल पुढे केले. पैशाचा प्रश्न, त्यामुळे गर्दी झाली. ओटीपी कुणाला सांगू नका, असं सरकारच सांगतं. ज्या बाईला तो वाचता येत नाही तिला सांगावाच लागतो. दुकानातल्या पोराला, पुतण्याला, समोर येईल त्याला. मी सहा आकडे फळ्यावर लिहून वाचायला लावले. त्या रात्री वर्ग साडेनऊपर्यंत चालला. वर्णमालेच्या आधी ओटीपी शिकवावा की काय, असा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

‘उल्लास’ची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. पुढे जे काही येईल त्याचा आराखडा आताच कुठेतरी बनत असेल. तो पुण्या-मुंबईत बनण्याआधी एक रात्र इकडे काढावी, अशी विनंती आहे. हार-शाल काही आणू नका, बायका लाजतात आणि अभ्यास राहून जातो. वर्ग अंगणवाडीच्या ओसरीत शनिवारी सायंकाळी सात वाजता भरतो. वीज गेली तर कंदील आहे. देवलापारहून आत वळल्यावर ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगा, अंधारात रस्त्यावर चितळं उभी असतात.

आपला,
एक निवृत्त कॅशियर,
नागपूर