त्या रिकाम्या बेटांबद्दल

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू विचारलंस की ना गोळी ना शत्रू, नुसतं एकट्याने गेममधल्या रिकाम्या बेटावर फिरायचं आणि कोडी सोडवायची, यात तुला एवढं काय मिळतं रे? फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

सुरुवात मिस्टपासून करतो, १९९३ चा गेम. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी मॅक कॉम्प्युटरवर हायपरकार्ड नावाचं सॉफ्टवेअर वापरून केला. म्हणजे खरं तर एकामागून एक स्थिर चित्रं, क्लिक केलं की पुढचं चित्र. पण वारा, पाण्याचा आवाज आणि जवळपास कोणीच माणूस नाही, आणि मरण्याची धास्ती नाही, घड्याळ मागे लागलेलं नाही, त्यामुळे एखाद्या लिव्हरसमोर तू हवा तितका वेळ उभा राहू शकतोस. बाकीचे गेम तेवढा वेळ देतच नाहीत.

पण माझा खरा जीव त्याच्या पुढच्या भागावर, १९९७ च्या रिव्हनवर. तेव्हा तो पाच सीडींवर यायचा, एका बेटावरून दुसऱ्यावर गेलं की सीडी बदला! त्यात गावातल्या शाळेत एक खेळणं आहे. चाक फिरवलं की एक चिन्ह दिसतं आणि दोरीला टांगलेला छोटा माणूस तेवढी घरं खाली सरकतो, खाली एक समुद्री राक्षस तोंड उघडून बसलाय. पुन्हा पुन्हा फिरवत राहिलास की कळतं अरे, ही चिन्हं म्हणजे आकडे! कोणी शिकवत नाही, त्या मुलांच्या बाकांमध्ये उभा राहून तूच शिकतोस. मग पुढचे आकडे स्वतः ताडायचे, कारण ही मोजणी आपल्यासारखी दहाच्या नाही, २५ च्या पटीतली आहे आणि एकचं चिन्ह आडवं केलं की पाच होतात, दोनचं आडवं केलं की दहा. आणि हे जमल्याचा आनंद होत असतानाच लक्षात येतं की इथली पोरं माणूस राक्षसाच्या तोंडी देत देत आकडे शिकतात, म्हणजे इथे राज्य करणारा कसला माणूस असेल. कोडं आणि गोष्ट एकच झाली की नाही! मला तर असं दुसऱ्या कुठल्याच प्रकारच्या गेममध्ये भेटलं नाही.

अशा गेममधला दरवाजा तुझ्याकडे तलवार भारी आहे म्हणून उघडत नाही, तुला कळलं म्हणून उघडतो. २०१९ च्या आउटर वाइल्ड्समध्ये तर दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून, हातात कमावलेलं काही उरत नाही, तुला काय समजलं तेवढंच उरतं. (२०१६ चा द विटनेसही असाच, पण त्याबद्दल एक शब्द सांगितला तरी मजा जाईल, म्हणून गप्प.)

आणि हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं हे महत्त्वाचं. पात्र समोर चालताना दिसलं की आपण त्याला बघत बसतो, इथे वाकून बाकाखाली तूच बघतोस.

तू आधी मिस्ट घे, रिव्हन नंतर, २०२४ मध्ये त्याचं नवं रूपही आलंय पण त्यात कोडी बरीच बदललीत, जुनं आधी खेळ असं माझं मत. शेजारी वही-पेन ठेव, दिसेल ते चिन्ह काढून ठेव, आणि प्लीज यूट्यूबवर उत्तर बघू नकोस. अडकलास तर मला फोन कर, उत्तर सांगणार नाही पण काय काय बघितलंस ते विचारीन, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
अव्या