टाकी कुठे ठेवायची

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि झोप उडाली. सहा फुटी फिशटँक, तोही तिसऱ्या मजल्यावर! दुकानदार म्हणतो, “साहेब, सगळेच ठेवतात.” त्याला टाकी विकायची आहे.

कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर पाणी, म्हणजे ६८० किलो. बारा एमएमची काच १२० किलो, वाळू-गोटे ८०, लोखंडी स्टँड ७०. झाले साडेनऊशे. सगळं वजन बारा चौरस फुटांवर, आणि स्टँडला चार पाय असतील तर चार टिकल्यांवरच.

घराच्या खोल्यांना आयएस ८७५ या बांधकामाच्या भारतीय कोडाप्रमाणे माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. टाकीखाली तो साडेआठशे होतो. घाबरू नकोस, दहा बाय बाराच्या खोलीला त्याच हिशेबाने बावीसशे किलो पेलायचे असतात, टाकी लगेच खाली जाणार नाही. पण बारशाला जमलेली माणसं रात्री आपापल्या घरी जातात. टाकी दहा वर्षं तिथेच बसणार, आणि कायमच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू वाकत जातं.

गॅलरीचा विचार तर डोक्यातून काढच. कोडात गॅलरीला ३०० धरलेत, पण कोड साइटवर येत नाही. मी तीस वर्षं स्लॅब टाकून घेतले. बाहेर काढलेल्या गॅलरीच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. माल ओतताना गडी घमेली घेऊन त्यांच्यावरूनच चालतात, सळ्या दबून खाली जातात, आणि खाली गेलेली सळी तिथे काही कामाची नाही. एकदा माझ्याच साइटवर एकाने दुष्काळात गॅलरीत पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली होती. भिंतीलगत, फरशीच्या सांध्यात, केसाएवढी चीर गेली. पिंपं मीच रिकामी करायला लावली. सळ्या बांधताना तिथे मीच उभा होतो, हे तेव्हा कुणाला बोललो नाही.

तुझ्या फरशीखालचा बीम तुला दिसणार नाही, तो खालच्यांच्या छताला दिसेल. त्यांच्याकडे चहाला जा आणि वर बघ. पीओपी करून झाकला असेल तर सोसायटीकडे आरसीसी ड्रॉइंग, म्हणजे बीम-कॉलमचा नकाशा, माग. टाकी बीमच्या डोक्यावर, भिंतीला लांबीने लागून, जमेल तितकी कॉलमजवळ. मधल्या भिंतीवर भरवसा नको, चार इंची वीटभिंत स्वतःच कधी कधी नुसत्या स्लॅबवर उभी असते. वर बघशील तेव्हा ओलीचे डाग आणि पोपडेही बघ. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. बिल्डिंग पंचवीस वर्षांची आहे, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पाच वर्षांनी एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो रिपोर्ट घे आणि इंजिनिअरला दाखव. माझा हिशेब कॅलेंडरवरचा आहे, इंजिनिअर त्याचा सही करून देईल.

मला विचारशील तर चार फुटी घे. चार बाय दीड बाय दीडमध्ये अडीचशे लिटर पाणी, सगळं धरून साडेतीनशे-पावणेचारशे किलो. फुटली तरी खालच्यांच्या घरात तळं होणार नाही. चिनूला मासे तेवढेच दिसतील.

रविवारी येतो. पाणसळ घेऊन येतो, फरशीचा ढाळ बघू. तोवर स्टँड लावलास तरी पाणी भरू नकोस.

सूनबाईंना आशीर्वाद, चिनूला पापा.

तुझे,
बाबा