रोजच्या सायकलीची तयारी: ताईला पत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून ऑफिसला सायकलने जायचं ठरवलंस, हे कळल्यापासून मी फार खूश आहे. आईला मात्र काळजी वाटतेय म्हणे. तिची काळजी रास्त आहे, आणि सायकल नीट तयार केली तर त्यातली बरीचशी कमी करता येते. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. पत्र शेजारी ठेव आणि निवांतपणे सायकलपाशी बस.

सगळ्यात आधी मनापासून एक सांगते. कामावर न्यायची सायकल वाईट दिवसाच्या हिशोबाने तयार करायची. पाऊस लागलाय, निघायला उशीर झालाय, अंधार पडलाय, सोबत लॅपटॉप आहे आणि अंगात त्राण नाही, अशा दिवशीही जिच्यावर निर्धास्त बसता येतं, तीच रोज वापरली जाते. रविवारी सकाळी हौसेनं काढायच्या सायकलीला मडगार्ड नसलं, दिवा नसला तरी चालतं. दुकानात हल्ली बऱ्याच सायकली तशाच उघड्या मिळतात. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवे सगळं वेगळं घ्यावं लागतं. मला हे अजिबात पटत नाही, कारण पहिल्यांदा सायकल घेणाऱ्याला वाटतं की हे वरचे लाड आहेत. इथे माझ्या ऑफिसात जे वर्षानुवर्षं सायकलने येतात, त्यांच्या सायकली जड आणि साध्या आहेत, पण या सगळ्या वस्तू त्यांच्यावर कायमच्या बसवलेल्या आहेत. जिन्याखालची तुझी सायकल भारी नसली तरी हरकत नाही. ती पूर्ण असली पाहिजे.

सुरुवात सीटपासून कर. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. पण मग प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त दुमडतो, आठवडाभरात दुखायला लागतो आणि सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. भिंतीला धरून सीटवर बस, पॅडल अगदी खाली आण आणि टाच त्याच्यावर ठेव. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. मापाने करायचं असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहा, दोन पायांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत घट्ट धर आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोज. त्या मापाला ०.८८३ ने गुण. येणारा आकडा म्हणजे क्रँकच्या (पॅडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेले असतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माप ७८ सेंटिमीटर आलं, तर सीट साधारण ६९ सेंटिमीटरवर. हा हिशोब शर्यतीच्या सायकलस्वारांचा आहे. तुला गर्दीत सारखं थांबावं लागणार, म्हणून सुरुवातीला एक-दोन सेंटिमीटर खाली ठेव आणि सवय होईल तशी वर घे. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते. ती बाहेर दिसेल इतका दांडा कधीच वर काढायचा नाही, नाहीतर दांडा किंवा फ्रेम तिथेच तुटू शकते.

सीटचा माथा जमिनीला समांतर ठेव, टोचत असेल तर पुढचं टोक किंचित खाली कर. हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडं वर असू दे. ताठ बसलं की रहदारी लांबपर्यंत दिसते, मागे वळून बघता येतं आणि मनगटांवर भार येत नाही. वाऱ्याविरुद्ध थोडा जोर जास्त लागतो, तो लागू दे.

आता टायर. ती सायकल इतकी वर्षं उभी आहे की टायरच्या बाजूला बारीक भेगा पडल्या असतील. पडल्या असतील तर दोन्ही बदल, त्यात काटकसर नको. नवे घेताना नुसतं ‘अठ्ठावीस इंची’ किंवा ‘सव्वीस इंची’ सांगू नकोस. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असा जोडआकडा असतो, तो बघ. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. अठ्ठावीस इंची म्हणून विकले जाणारे टायर ६२२ चेही असतात आणि ६३५ चेही. सव्वीस इंचीत ५५९ आणि ५९० दोन्ही मिळतात. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. तो दुसरा आकडा तंतोतंत जुळायला हवा, पहिल्यात थोडं इकडेतिकडे चालतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर ३७ ते ४२ रुंदीचे टायर घे, फ्रेममध्ये आणि मडगार्डखाली जागा असेल तर. आतून पंक्चररोधक पट्टा असलेले मिळाले तर तेच. थोडे जड असतात, पण सकाळी नऊ वाजता रस्त्याच्या कडेला चाक खोलत बसण्यापेक्षा ते वजन बरं.

हवेबद्दल मला जरा जास्तच सांगायचंय, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. रबरी ट्यूबमधून पंक्चर नसतानाही हवा हळूहळू जाते, त्यामुळे आठवड्यातून एकदा भरायचीच. किती, ते टायरवर छापलेलं असतं. तुझ्या वजनाला आणि या रुंदीला पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआयपासून (हवेचा दाब मोजायचं एकक) सुरुवात कर, छापलेल्या मर्यादेत बसत असेल तर. मागे जास्त, कारण निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर असतो आणि बॅगही तिकडेच असते. हवा कमी असली की सायकल जड चालते, आणि खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंप घ्यायच्या आधी व्हॉल्व्ह बघून घे. आपल्याकडच्या साध्या सायकलींना जुना वूड्स व्हॉल्व्ह असतो. स्कूटरसारखा जाड असेल तर तो श्रेडर, आणि बारीक, टोकाला छोटी चकती फिरवायची असेल तर प्रेस्टा. दाब दाखवणारं घड्याळ असलेला उभा पंप एकदाच घे आणि दारामागे ठेव.

ब्रेक दुकानात तपासून घेतलेस तरी स्वतः बघ. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकल, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकल, चाक फिरता कामा नये, नुसतं घासत यावं. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावरही हँडलला टेकू नये. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि इथे माझ्या सायकलीला डाव्या, म्हणून तुझी कशी आहे ते चालवायच्या आधी एकदा दाबून बघच. सायकल थांबवायचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, कारण थांबताना सगळा भार पुढे जातो. दोन्ही एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबायची सवय लाव. वळताना दाबायचे नाहीत, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. आणि तुझ्या रिम चकचकीत स्टीलच्या असतील तर पावसात त्या फार उशिरा थांबवतात, हे पक्कं लक्षात ठेव. ॲल्युमिनियमच्या रिम ओल्यातही बऱ्या धरतात. या पावसाळ्याआधी चाकं बदलणं जमत असेल तर मी तेवढा एकच मोठा खर्च कर म्हणेन.

दिव्यांच्या बाबतीत आईची काळजी सगळ्यात खरी आहे. इथे हिवाळ्यात ऑफिस सुटायच्या आत काळोख होतो, त्यामुळे मी या विषयाकडे फार गांभीर्याने बघते. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही सायकलीवर पक्के बसवलेले. माझ्या पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, डायनामो (चाक फिरलं की वीज तयार करणारं छोटं यंत्र) आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाला तो ६ व्होल्टवर ३ वॅट देतो, आणि आजच्या एलईडीला ते भरपूर होतं. टायरला घासणाऱ्या जुन्या बाटलीसारख्या डायनामोचा पावसात घसरण्याचा त्रास यात नाही, आणि सिग्नलला थांबलं तरी दिवे काही मिनिटं चालू राहतात. तुला तो मिळाला नाही तर यूएसबीवर चार्ज होणारे घे आणि चार्जर ऑफिसच्या टेबलावरच ठेवून दे. पुढच्या दिव्याचा झोत रस्त्यावर साधारण दहा मीटरवर पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये. मागचा दिवा सीटच्या दांड्याला लावू नकोस, लांब रेनकोट त्याच्यावर येतो. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लाव. मी तो लुकलुकत न ठेवता स्थिर ठेवते, कारण मागच्या गाडीवाल्याला अंतराचा अंदाज स्थिर दिव्यावरून नीट येतो.

भडक पोपटी जॅकेट दिवसा दिसतं, पण रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री परावर्तक पट्टी चमकते, आणि तीही समोरच्याचा दिवा तिच्यावर पडला तरच. ती पट्टी घोट्याला बांध. पॅडलबरोबर वरखाली होणारी चमक लांबून सायकल म्हणूनच ओळखू येते, आणि कपडे चेनमध्ये जायचेही वाचतात. ओढणी घेणार असशील तर पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी दोन्ही लाव, आणि निघताना ती कमरेला बांधून टाक.

मडगार्ड लांब हवं. पुढच्याला खाली रबरी पाळ असली तर बूट आणि चेन दोन्ही चिखलापासून वाचतात. बॅग पाठीवर घेऊ नकोस. कॅरिअरच्या बाजूला अडकवायची पिशवी घे. वजन खाली राहतं, सायकल डोलत नाही आणि पाठ घामाने भिजत नाही. फक्त पिशवी इतकी मागे अडकव की पॅडल मारताना टाच तिला लागणार नाही. कॅरिअरवर किती किलो चालतील ते कोरलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी २५.

गिअर असले तर छान. तुझ्या सपाट रस्त्याला मागच्या हबमध्ये बंदिस्त असलेले तीन गिअर पुरतात, शिवाय उभ्या उभ्याही बदलता येतात. नसले तर त्यासाठी थांबू नकोस.

चेनला मात्र महिन्यातून दोनदा वेळ दे. कोरड्या फडक्याने पुसून घे, प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने तेलाचा एकेक थेंब सोड, पॅडल उलटं फिरव, दहा मिनिटं थांब आणि वरचं सगळं तेल पुसून टाक. तेल आत हवं, वर राहिलेलं फक्त धूळ ओढतं. चेन झिजली की लांबते. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवून बारा इंच मोज. नव्या चेनची पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली की चेन बदल, अष्टमांशापर्यंत थांबलीस तर मागची दातेरी चक्रंही बदलावी लागतील. पॅडल बदलायची वेळ आली तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे पाना लावायच्या आधी आठव.

पिशवीच्या तळाशी एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप आणि चाकाच्या नटांचा पाना कायम असू दे, बहुतेकदा तो १५ मिलिमीटरचा लागतो. ट्यूब बदलताना टायरच्या आतून सावकाश बोट फिरव. पहिला काटा तिथेच असतो आणि तो न काढता नवी ट्यूब घातली तर तीही जाते. कुलूप यू आकाराचं घे, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात अडकव. चाकं हाताच्या खटक्याने निघणारी असतील तर ते खटके काढून नट लाव.

रस्ता सुट्टीच्या दिवशी आधी चालवून बघ. ताशी १५ च्या वेगाने तुझ्या सहा किलोमीटरना चोवीस मिनिटं लागतील, सिग्नल धरून पस्तीस धर. गाडीने जायचा रस्ताच सायकलला चांगला असेल असं नाही, आतल्या गल्ल्या बघ. उभ्या गाड्यांपासून हातभर नाही, चांगलं एक मीटर अंतर ठेव, दार कधीही उघडतं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा पांढऱ्या पट्ट्या आणि लोखंडी झाकणांवरून सरळ जा, वळू नकोस आणि ब्रेकही लावू नकोस. इथे मी ट्रामचे रूळ ओलांडताना चाक नेहमी काटकोनात नेते. तुझ्या वाटेत रेल्वेचं फाटक आहे, तिथेही तसंच कर. शेवटचा एक किलोमीटर सावकाश चालव, म्हणजे पोचेपर्यंत घाम वाळतो.

रोज निघताना हवा, ब्रेक, चेन एवढंच बघायचं. अंगठ्याने टायर दाब, दोन्ही ब्रेक दाब, पॅडल एक फेरा उलटं फिरव. याला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता माझं एक काम कर. टायरवरचा तो जोडआकडा, व्हॉल्व्हचा फोटो, कॅरिअरच्या नळीची जाडी आणि पुढच्या चाकाचे आरे मोजून एवढं मला पाठव. डायनामोचा हब आरे मोजूनच घ्यावा लागतो. दिवाळीला येताना हब आणि पिशव्या घेऊन येते, चाक तिथे आपण दोघी मिळून बांधून घेऊ. तोपर्यंत चार्जचे दिवे लाव, आणि ते लावल्याशिवाय संध्याकाळची निघू नकोस. आईला हे पत्र वाचून दाखव, दिव्यांचा भाग दोनदा.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी