उत्तर सापडले की लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी आलेला लेख वाचला. आधी कोणती भाषा शिकावी, सराव कसा करावा, हे त्यात नीट सांगितले आहे. शेवटाकडे मात्र ‘अडलात तर ऑनलाइन कम्युनिटीत विचारा’ एवढे एकच वाक्य येते आणि लेख संपतो. मी एकोणीस वर्षे प्रोग्रॅमिंगवर पोट भरते आहे. या एकोणीस वर्षांतले जे काही मला येते, त्यातले निम्मेअधिक त्या एका वाक्याच्या आत आहे. म्हणून हे पत्र.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. बाहेरून आलेली एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) वाचायची आणि तिच्यातल्या नोंदी डेटाबेसमध्ये भरायच्या, एवढेच काम होते. प्रोग्रॅम सुरुवातीलाच थांबायचा. एरर सांगायचा, ‘आयडी’ नावाचा रकाना सापडत नाही. फाइल उघडावी तर रकाना डोळ्यांसमोर. स्पेलिंग तपासले, पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढल्या, नाव पुन्हा टाइप केले. फरक शून्य. शेवटी एरर जसाच्या तसा सर्चमध्ये टाकला, आणि अगदी हाच प्रश्न कोणीतरी आधीच विचारलेला सापडला. जीव भांड्यात पडला. खाली त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी लिहिले होते, ‘सुटला प्रॉब्लेम, धन्यवाद.’ कसा सुटला, त्याबद्दल एक अक्षर नाही.

तिथून पुढे माझे दोन दिवस गेले. फाइलचे कच्चे बाइट, म्हणजे ती ज्या आकड्यांत साठवलेली असते ते आकडे, छापून पाहिले तेव्हा कुठे दिसले की ‘आयडी’च्या आधी आणखी तीन बाइट आहेत आणि ते पडद्यावर उमटतच नाहीत. त्यांना बाइट ऑर्डर मार्क म्हणतात. काही प्रोग्रॅम यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतली फाइल सेव्ह करताना ही खूण अगदी सुरुवातीला घालतात. वाचणाऱ्याने ती बाजूला केली नाही तर ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, आणि मग ते नाव संगणकाच्या लेखी वेगळेच होऊन बसते. पायथन या भाषेत फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे ही साठवण्याची पद्धत, ‘यूटीएफ-८’ऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ असे दिले की काम झाले. म्हणजे उत्तर होते एका शब्दाचे. तो एक शब्द त्या माणसाला माहीत होता आणि त्याने तो लिहिला नाही, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले.

त्याच रात्री मी त्या प्रश्नाखाली उत्तर लिहिले. कारण सांगितले, बाइट कसे छापून पाहायचे ते सांगितले, दुरुस्तीची ओळ दिली. पुढे कित्येक वर्षे त्याखाली अनोळखी लोकांचे दोन-दोन शब्द येत राहिले, ‘याने काम झाले’ म्हणून. मला आजही त्याचा आनंद होतो.

हा शिरस्ता वेबच्याही आधीचा आहे. १९८०मध्ये सुरू झालेल्या युजनेट या चर्चेच्या नेटवर्कवर प्रत्येक विषयाचे न्यूजग्रुप, म्हणजे चर्चागट, होते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून तिथले लोक उत्तरांची यादी स्वतःहून सांभाळत. एफएक्यू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न) हा शब्द त्यातूनच रुळला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर लिहिले की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहे, तुम्हाला तीत काय हवे ते सांगा. तीच पुढे लिनक्स झाली. २००८मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट सुरू केली. तिथे चांगले उत्तर मतांच्या जोरावर वर चढते, विचारणारा आपल्याला उपयोगी पडलेल्या उत्तराला हिरवी खूण देतो आणि जुने उत्तर दुसरा कोणीही सुधारू शकतो. या सगळ्या रचनेत एक गोष्ट गृहीत आहे: उत्तर फक्त विचारणाऱ्यासाठी नसते, त्याच्यानंतर त्याच खड्ड्यात पडणाऱ्या प्रत्येकासाठी असते.

पण उत्तर मिळण्यासाठी प्रश्न नीट लिहावा लागतो. हे मला ‘दुसऱ्या’ या शब्दाने शिकवले.

मराठी मजकुरात शोध घेण्याच्या एका सोयीवर मी काम करत होते. ‘दुसऱ्या’ हा शब्द टाकला की काही नोंदी सापडायच्या, काही नाही. न सापडलेली नोंद उघडून पाहावी तर शब्द तोच, काना-मात्रेचाही फरक नाही. नाकी नऊ आले तेव्हा मी एका कम्युनिटीत इंग्रजीतून विचारले, ‘मराठी सर्च नीट चालत नाही, काय करावे?’ दोन दिवस कोणी फिरकले नाही. मग एकाने खाली तीन छोटे प्रश्न टाकले: कोणता शब्द? काय यायला हवे होते? काय आले?

मी प्रश्न पुन्हा लिहिला. या वेळी सापडणारा ‘दुसऱ्या’ आणि न सापडणारा ‘दुसऱ्या’ असे दोन्ही शब्द मूळ मजकुरातून कॉपी करून दिले. दोघांची तुलना करणारा सात ओळींचा कोड दिला, जो कोणीही आपल्या मशीनवर चालवून पाहू शकेल. ‘बरोबर’ यायला हवे होते, ‘चूक’ आले, हे लिहिले. पायथनचे व्हर्जन लिहिले. तासाभरात उत्तर यायला लागले. उत्तर देणाऱ्याने सुरुवातीलाच सांगितले होते की मला ही लिपी वाचता येत नाही, दोन्ही शब्द मला एकसारखेच चित्र दिसतात, तेव्हा दोन्हींतल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक त्या अक्षरासाठी वापरतो तो ठरलेला क्रमांक, छापून दाखवा.

छापले, आणि भेद उघडा पडला. एका शब्दात ‘ऱ’ हे खाली टिंब असलेले स्वतंत्र अक्षर होते, क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त, त्यापुढे ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’ होता, ०९३०, त्यापुढे हलन्त, आणि मग एक न दिसणारे चिन्ह, २००डी, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, त्यानंतर ‘य’. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाइप झालेला मजकूर असा वेगवेगळा साठवला गेला होता. फॉन्ट दोन्हींमधून तोच आडवा अर्धा ‘र’ काढतो, म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. संगणक क्रमांक जुळवतो, म्हणून त्याला तो दिसतो. त्या माणसाने हेही बजावले की नुसत्या युनिकोड नॉर्मलायझेशनवर, म्हणजे तेच अक्षर एकाच रूपात आणण्याच्या तयार सोयीवर, विसंबू नका. ‘र’ आणि सुटे टिंब असे साठवलेले असेल तर त्याने ते एक होईल, पण जॉइनर तसाच राहील. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ‘र, हलन्त, जॉइनर’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. तीन ओळींचे काम होते.

मराठीचे एक अक्षरही न वाचता येणाऱ्या माणसाने माझ्या ‘ऱ्या’ची गाठ सोडवली. पहिल्या प्रश्नावर हे कोणालाच जमले नसते, कारण त्यात हाताला लागेल असे काहीच नव्हते. ते तीन छोटे प्रश्न टाकणाऱ्याचे उपकार मी आजही मानते.

आता माझ्या हाताखाली नवी मुले येतात. स्क्रीनचा फोटो टाकतात आणि लिहितात, ‘चालत नाही, अर्जंट.’ फोटोतला एरर कोणाला सर्चमध्ये सापडत नाही, कोड कॉपी करून चालवता येत नाही. मी त्यांना एररचा मजकूर पूर्ण द्यायला सांगते, शेवटची एक ओळ नव्हे. आणि पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये राहिली नाही ना, हे पोस्ट करण्याआधी दोनदा बघायला सांगते. मग कोड छाटायला बसवते: अडचण शिल्लक राहील इतपत ठेवायचे, बाकी सगळे काढायचे. या छाटणीतच माझे स्वतःचे कितीतरी प्रश्न पोस्ट होण्याआधीच सुटले आहेत.

एकाने मला विचारले होते, तारखेतल्या एक आकडी दिवसाआधी शून्य कसे लावायचे? उत्तर सोपे होते, पण मी विचारले, ‘शून्य कशाला हवे रे?’ तेव्हा कळले की तो तारखा मजकूर म्हणून क्रमाने लावत होता आणि ‘१०’ हे ‘९’च्या आधी येत होते. शून्य लावून त्या महिन्यापुरते भागले असते. महिना बदलताच पुन्हा घोळ. त्याला हव्या होत्या खऱ्या तारखा, मजकूर नव्हे. आपण मनाशी ठरवलेल्या उपायाबद्दल विचारतो आणि मूळ अडचण सांगतच नाही, हे फार होते. दोन्ही लिहावे.

उत्तर देणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. ‘हे आधी विचारले गेले आहे’ म्हणून प्रश्न बंद करणे समजू शकते, कारण त्यासोबत जुन्या उत्तराचा पत्ता मिळतो. पण नवख्याला ‘एवढेही येत नाही?’ असे म्हटले की तो परत विचारत नाही. २०१८मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनेच जाहीरपणे मान्य केले की आपल्याकडे नव्या लोकांचे स्वागत नीट होत नाही आणि हे बदलायला हवे. मला ते तीन छोटे प्रश्न कोणी तुसडेपणाने विचारले असते, तर कदाचित मीही प्रश्न पुसून निघून गेले असते.

कॉपी-पेस्टबद्दल एक उदाहरण सांगते. बाइटची संख्या केबी, एमबीत वाचनीय करून दाखवणारे जावा भाषेतले एक उत्तर २०१०मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर लिहिले गेले. पुढे संशोधकांनी पाहिले तर तिथून सर्वाधिक कॉपी झालेला जावा कोड तोच निघाला. २०१९मध्ये मूळ लेखकाने स्वतःच लिहिले की त्यात चूक आहे: ९,९९,९९९ बाइट दिले की ‘१.० एमबी’ऐवजी ‘१०००.० केबी’ येते. नऊ वर्षांनी परत येऊन त्याने चूक कबूल केली आणि दुरुस्त कोड दिला. ज्या असंख्य प्रोग्रॅममध्ये जुना कोड गेला होता, तिथे हे कळणार कसे? ज्यांनी कोडवर मूळ उत्तराचा दुवा कॉमेंटमध्ये लिहिला होता, त्यांना ते शोधता तरी आले. तिथला मजकूर ज्या परवान्याखाली दिला जातो त्यातही श्रेय देण्याची अट आहे. मी आमच्या टीममध्ये दुव्याशिवाय उचललेला कोड पुढे जाऊ देत नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. आठवडाभरातच स्टॅक ओव्हरफ्लोने त्याच्याकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकायला मनाई केली, कारण ती दिसायला सुबक आणि बऱ्याचदा चुकीची होती. ही साधने तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत. नेहमीच्या चुका ती चटकन दाखवतात, मीही ती रोज वापरते. पण त्यांना हे आले कुठून? वर्षानुवर्षे लोकांनी उघड्यावर लिहून ठेवलेल्या प्रश्नोत्तरांचा त्यात मोठा वाटा आहे. आज एखाद्या लायब्ररीचे, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडचे, नवे व्हर्जन आले आणि त्यात नवा एरर निघाला, तर तो कोणीतरी झटापट करून सोडवणार. ते उत्तर त्याच्या खासगी खिडकीत राहिले, खिडकी बंद झाली, की पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. पूर्वी निदान ‘सुटला प्रॉब्लेम, धन्यवाद’ एवढे तरी दिसायचे आणि हा प्रश्न सुटतो हे कळायचे. आता तेही दिसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे नवे प्रश्न त्यानंतर खूप कमी झाले आहेत आणि मला याची खरोखर काळजी वाटते.

म्हणून मी माझ्या टीममध्ये एक पद्धत घातली आहे. अडचण कुठूनही सुटो, माणसाकडून की यंत्राकडून, ती आधी उघड्यावर लिहिलेली नसेल तर त्याच दिवशी लिहायची. लायब्ररीचीच चूक असेल तर गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या तिच्या इश्यूमध्ये, म्हणजे चुका नोंदवण्याच्या जागी, नाहीतर एखाद्या कम्युनिटीत स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायचे. स्टॅक ओव्हरफ्लोवर याला परवानगी आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. पंधरा-वीस मिनिटे लागतात.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की लेखमालेच्या पुढच्या भागात त्या एका वाक्याला पूर्ण जागा द्यावी आणि एक चांगला प्रश्न, त्याखालच्या उत्तरासह, जसाच्या तसा छापावा. हवा असल्यास ‘दुसऱ्या’बद्दलचा माझा पहिला प्रश्न आणि पुन्हा लिहिलेला प्रश्न, दोन्ही मी पाठवते. शेजारी शेजारी छापलेत तर फार बरे होईल.

आपली,
एक प्रोग्रॅमर वाचक