खांद्याचा पट्टा उसवलेली सॅक आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
वॉरंटी व ग्राहक सेवा विभाग

विषय : ५५ लिटरच्या हलक्या ट्रेकिंग सॅकमधील शिवणीचा दोष आणि वॉरंटीचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

माझा दावा नाकारल्याचा आपला ईमेल मिळाला. त्यात दोन कारणे दिली आहेत. एक, सॅकमध्ये क्षमतेपेक्षा जास्त वजन भरले असावे. दोन, हा नेहमीच्या वापरातल्या झिजेचा भाग आहे. जास्त वजन भरले असेल तर तो नेहमीचा वापर नव्हे, आणि वापर नेहमीचाच असेल तर जास्त वजनाचा प्रश्न येतोच कुठे? दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. माझ्या मते यातले एकही खरे नाही. सोबत फोटो पुन्हा जोडत आहे. या वेळी ते शिवणकाम कळणाऱ्या माणसाने पाहावेत, अशी विनंती आहे.

आधी वजनाचे. निघण्यापूर्वी भरलेली सॅक मी काट्याला लावली होती. पाणी धरून ११ किलो भरली. आपल्या पानावर या सॅकसाठी १५ किलोपर्यंतची मर्यादा दिली आहे. मुक्कामी ट्रेकला निघणारा माणूस सामान तोलूनच भरतो, हलकी सॅक घेणारा तर हटकून. त्यामुळे "वजन जास्त असावे" हा अंदाज कशावरून बांधला, ते कळवावे. माझ्याकडे काट्याचा फोटो आहे, आपल्याकडे "असावे" आहे.

आता मूळ बिघाड. उजव्या खांद्याचा पट्टा पाठीच्या पॅनेलला वरच्या बाजूने जिथे जोडला आहे, तिथे तो शिवणीतून निघून आला. दोरा तुटलेला नाही. फोटो मोठा करून पाहिलात तर टाके ओळीने जसेच्या तसे दिसतील. सुटले आहेत ते कापडाचे धागे. काठाकडून एकेक धागा मोकळा होत गेला आणि टाक्यांच्या खालून निसटला. पातळ, गुळगुळीत नायलॉनला हा धोका असतोच, त्यावर सिलिकॉनचा लेप असेल तर आणखी. म्हणूनच असे कापड शिवताना काठ आणि शिवण यांच्यात पुरेशी जागा सोडतात, काठाला पट्टी लावून तो बांधून घेतात आणि ताण येणाऱ्या जागी मागून जाड कापडाचा तुकडा देतात. एवढे केले की ओढ चार-दोन टाक्यांवर न येता मोठ्या भागावर पसरते. वजन वाढते ते काही ग्रॅम.

माझ्या सॅकच्या उजव्या जोडाला यातले काहीच नाही. आणि महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. डाव्या पट्ट्याच्या जोडाजवळ शिवणीबाहेर सुमारे १० मिलिमीटर कापड सोडलेले आहे. उजव्या बाजूला ते ४ मिलिमीटरवरून सुरू होऊन टोकाला जेमतेम ३ उरते. म्हणजे मशीनखाली कापड तिरके सरकले आणि तपासणीत ते कुणाच्या लक्षात आले नाही. डावा पट्टा आजही जागच्या जागी आहे. सॅक तीच, कापड तेच, ओझे तेच. झिजेमुळे किंवा जास्त वजनामुळे हे झाले असते तर बिघाड नेमका कमी कापड सोडलेल्या बाजूलाच कसा झाला? आपल्या वॉरंटीत "कच्चा माल व निर्मितीतील दोष" हे शब्द आहेत. निर्मितीतला दोष याहून वेगळा कसा दिसतो, ते मला सांगावे.

सॅक पाठीवर घेताना माणूस आधी एका पट्ट्यात हात घालून ती उचलतो, हेही लक्षात घ्यावे. त्या क्षणी सगळे ओझे एका जोडावर येते, वर उचलतानाचा हिसकाही त्यातच. दिवसातून कितीतरी वेळा हे होते, सगळ्यांचेच होते. तेव्हा हा जोड १५ किलो पेलेल एवढा असून भागत नाही, तो त्याच्या काही पट ताण सोसणारा लागतो. आपल्या प्रतिनिधींनी चॅटवर मला "नेहमी वरच्या कडीला धरून उचला" असा सल्ला दिला. ती कडीही त्याच शिवणीत शिवलेली आहे.

दुसरा बिघाड माझ्या पहिल्या अर्जात होता, पण आपल्या उत्तरात त्याचा उल्लेखच नाही. पाठीतली ॲल्युमिनियमची पट्टी ज्या खोबणीत बसते, तिचे खालचे टोक कापडाच्या एकाच थराचे आहे. पट्टीच्या टोकाला टोपी नाही, कडा नुसती कापून सोडलेली आहे. त्या कडेने कापड भोसकले आणि पट्टी खाली घसरली. हा बिघाड आधी झाला, पट्टा त्यानंतर गेला. दोघांचा संबंध सरळ आहे. ओझे कंबरपट्ट्यावर, म्हणजे कमरेच्या हाडांवर, पोचवण्याचे काम ही पट्टीच करते. ती घसरली की सॅक खाली दबते, कंबरपट्टा नुसता गुंडाळलेला राहतो आणि सगळे ओझे खांद्यांवर लटकते. मग आधीच कच्चा असलेला जोड उसवायला वेळ लागत नाही. दोनच्या जागी एकच बिघाड असता तर कदाचित मी तो सुईदोऱ्याने शिवून गप्प बसले असते.

सुईदोऱ्यावरून आठवले. आपल्या दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिले आहे की ग्राहकाने स्वतः दुरुस्ती केल्यामुळे वॉरंटी रद्द होते. वाटेत पट्टा निघाल्यावर मी तो जाड सुई आणि दात साफ करायचा दोरा वापरून टाचला. मुक्कामांच्या ट्रेकमध्ये सॅकचा पट्टा गेला तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि पाणी हातात धरून परत फिरता येत नाही. टाचण्यापूर्वी मी सर्व बाजूंनी फोटो काढले होते, तेच आपल्याला पाठवले आहेत. माझे टाके मूळ शिवणीला कुठेही झाकत नाहीत. ज्या वापरासाठी आपण ही सॅक विकता, त्या वापरात असे टाचणे अपरिहार्य असते. त्याला वॉरंटीभंग म्हणायचे असेल तर पानावरचे "अनेक मुक्कामांच्या ट्रेकसाठी" हे शब्द काढून टाकावे लागतील.

चॅटवर आणखी एक वाक्य ऐकवण्यात आले : "हलकी सॅक घेतली की थोडी नाजूक असणारच." हे मला मान्य नाही, आणि फुकटची वकिली म्हणून सांगते, आपल्यालाही मान्य असू नये. सॅकच्या अंगाचे कापड अजून शाबूत आहे. कापडाला मी एक शब्द बोललेले नाही. तळाला खडकावर घासून दोन ठिकाणी पातळसर झाले आहे, बाजूच्या ताणणाऱ्या जाळीला काट्याने एक छिद्र पडले आहे. हलक्या कापडाकडून एवढे अपेक्षितच असते, म्हणून मी ते दाव्यात घातलेलेही नाही. हलके म्हणजे कमजोर असा नियम नाही. डायनीमा हा कृत्रिम तंतू पाण्यावर तरंगेल इतका हलका असतो आणि वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत. हलकी सॅक टिकते की नाही, हे शेवटी जोड कसे शिवले यावर ठरते. तिथे हयगय झाली तर कापड कितीही भारी असू दे.

आता पानावरच्या आकड्यांकडे वळते, कारण ते पाहूनच मी ही सॅक निवडली. वजन ९८० ग्रॅम लिहिले आहे. घरी आल्यावर मोजले तेव्हा १२४० ग्रॅम भरले. विचारणा केल्यावर कळले की ९८० हे कंबरपट्टा, ॲल्युमिनियमची पट्टी आणि वरचे झाकण काढून घेतलेले वजन आहे. हे भाग काढता येतात, खरे आहे. पण १५ किलोची मर्यादा त्यांच्यासकट आहे ना? मग वजन एका सॅकचे आणि क्षमता दुसऱ्याच सॅकची, असा हिशेब झाला.

कापडाच्या माहितीत "२१० डेनिअर" ठळक अक्षरांत आहे. खाली बारीक अक्षरांत कळते की २१० डेनिअरचे फक्त चौकटीतले आडवे-उभे धागे आहेत, मधले कापड १०० डेनिअरचे आहे. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यावरून धाग्याची जाडी कळते, ताकद कळत नाही. वीण कशी आहे, तंतू कुठल्या प्रतीचा, लेप कोणता, यावर बरेच अवलंबून असते. १०० डेनिअर लिहिले असते तरी मी कदाचित हीच सॅक घेतली असती. सरळ लिहायला हवे होते, इतकेच.

५५ लिटरचेही तसेच. त्यात बाहेरचे जाळीचे खिसे धरले आहेत का? सॅकचे आकारमान मोजण्याची एक प्रमाणित पद्धत आहे, एएसटीएम एफ२१५३, तिच्यात २० मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोळे भरून मोजतात. आपण ती वापरता की नाही, एवढे पानावर लिहिले तरी दोन कंपन्यांच्या सॅक शेजारी ठेवून पाहता येतील.

साइजचा तक्ता ग्राहकाच्या उंचीवर बेतलेला आहे. उंची सारखी असलेल्या दोघांच्या पाठीची लांबी वेगळी असू शकते. मोजायचे असते ते मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या ठळक मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर. माझे ते ४६ सेंटीमीटर आहे. खरेदीपूर्वी मी हा आकडा कळवून साइज विचारली होती, उत्तरात मला माझी उंची विचारण्यात आली.

पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. कापडावर लेप असला तरी शिवणींना आतून टेप नसेल तर सुईच्या छिद्रांतून पाणी येतेच. मी आत प्लास्टिकचे अस्तर वापरते. "वॉटरप्रूफ" हा शब्द मात्र पानावरून काढावा.

नकारासोबत आपण पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन दिले आहे. ते मी वापरणार नाही. जोड न तपासता पाठवलेली तशीच दुसरी सॅक थोड्या कमी पैशांत घेऊन मी काय करू? मला याच मॉडेलची अशी सॅक हवी आहे, जिच्या दोन्ही पट्ट्यांच्या जोडांजवळ पुरेसे कापड सोडलेले आहे आणि पट्टीच्या खोबणीचे टोक दुहेरी केलेले आहे. पाठवण्यापूर्वी दोन्ही जागांचे आतून काढलेले फोटो मला मिळावेत. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. जुनी सॅक परत हवी असेल तर पाठवायला तयार आहे, वाहतूक आपल्याकडे. दुरुस्तीसाठी म्हणून ती मी देणार नाही, कारण ३ मिलिमीटर काठ उरलेल्या कापडावर पुन्हा शिवण घातली तर तीही तशीच निसटेल.

या दाव्याचा निर्णय कोणत्या तपासणीवरून झाला, तेही लेखी कळवावे. सॅक आपण मागवून घेतलेली नाही, म्हणजे निर्णय फोटोंवरूनच झाला असणार. उत्तरात उजव्या जोडाच्या जवळून काढलेल्या फोटोचा, सोबतच्या यादीतल्या तिसऱ्या फोटोचा, उल्लेख असावा. तो न पाहता पाठवलेले तयार मजकुराचे उत्तर मी उत्तर मानणार नाही. पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहीन, त्यानंतर ग्राहक तक्रारीच्या अधिकृत मार्गाने जाईन.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक सोबतच्या दावा अर्जावर)

सोबत :
१. भरलेल्या सॅकचा काट्यावरचा फोटो
२. डाव्या जोडाचा आतून फोटो, शेजारी मोजपट्टी
३. उजव्या जोडाचा आतून फोटो, शेजारी मोजपट्टी, टाचण्यापूर्वीचा
४. खोबणीचे फाटलेले टोक आणि बाहेर आलेली पट्टी
५. खरेदीची पावती व आपले दोन्ही ईमेल